मध्यंतरानंतरचा वर्ग

डेल्फा स्टॉलकप गेली तेव्हा आमच्या काउंटीच्या साप्ताहिकात तिच्यावर सात ओळी आल्या. एकतीस वर्षं शाळेच्या जेवणघरात स्वयंपाक, नवरा हॉबर्ट आधीच गेलेला, मूलबाळ नाही, बाप्टिस्ट चर्चची सभासद. शेवटची ओळ अशी, की न्यायालयाने नेमलेली मुलांची कैवारी म्हणून काम करताना तिने चारशेहून अधिक तासांचं प्रशिक्षण घेतलं. कौतुकानेच लिहिलं होतं. आमच्या कामात वर्षाला बारा तास पुरतात. बारा वर्षांत चारशे का झाले, हे पेपरवाल्याने कुणाला विचारलं नाही. ज्याला माहीत होतं तो मी, चर्चच्या तळघरात हॅम आणि बटाट्यांची ताटली मांडीवर घेऊन गप्प बसलो होतो.

मी वेंडेल कोप. छत्तीस वर्षं या डोंगरांतल्या कच्च्या रस्त्यांवर टपाल वाटलं. निवृत्त झालो तेव्हा तिसऱ्याच आठवड्यात बायको म्हणाली, "माझी भांडी मोजत घरात बसण्यापेक्षा दुसऱ्याच्या संसारात नाक खुपस. कोर्टात त्यासाठी माणसं हवी आहेत म्हणे." ते खरंच होतं. आईबापांपासून काढून ज्या मुलांना परक्या घरी सांभाळायला ठेवतात, त्यांच्या बाजूने बोलायला एक साधा माणूस लागतो. वकील सरकारचा असतो, आईचा असतो, बापाचा असतो. सरकारी केसवर्करच्या गळ्यात चाळीस-चाळीस मुलं असतात. आमच्या वाट्याला एकच घर. महिन्यातून एकदा जायचं, बघायचं, ऐकायचं, आणि मुलाच्या भल्याचं काय ते कागदावर लिहून जज्जला द्यायचं. पगार नाही. उलट दरवर्षी बारा तास शिकावं लागतं, नाहीतर नाव कापतात.

आता साठी उलटलेल्या माणसांना शिकवायचं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. आमच्यातल्या रॉइसने एका वर्षी कुत्र्याचा सिनेमा पाहून दोन तास लावून घेतले होते, कारण त्यातला कुत्रा अनाथ होता. मी स्वतः कॉम्प्युटरवर व्याख्यान लावून शेंगा सोलत बसायचो. आमची मुख्य, नेडीन, सगळं ओळखून होती, पण माणसं टिकवायची म्हणून फॉर्मवर सही करायची.

डेल्फा तशी नव्हती. नववीत असताना लाकडाच्या गिरणीत तिच्या बापाचा हात गेला आणि तिची शाळा सुटली. पुढे त्याच शाळेत ती स्वयंपाकाला लागली. मला एकदा म्हणाली, "भिंतीच्या पलीकडे एकतीस वर्षं वर्ग चालले रे, आणि मी अलीकडे बटाटे सोलले. मधूनच एखादं वाक्य ऐकू यायचं, मग घंटा." त्यामुळे आमचे ते बारा तास म्हणजे तिच्यासाठी सण होता. ती चर्चला घालायचा निळा झगा घालून यायची, ओठांना रंग लावायची, नवी वही आणि टोक केलेल्या दोन पेन्सिली आणायची. शिकवायला आलेली विशीतली पोरगी असली तरी तिला "मॅडम" म्हणायची. शिकलेल्या माणसावर तिचा फार विश्वास होता. गावात कुणी अशांच्या विरोधात बोललं की ती म्हणायची, "त्यांना माहीत असेल बाबा, ते शिकलेत."

तिला मोतीबिंदू होता, अंधार पडला की गाडी चालवता यायची नाही. माझं हस्ताक्षर धड नव्हतं. म्हणून नेडीनने आम्हा दोघांना जोडीने एक केस दिली. दोघं मिळून एक पूर्ण माणूस होईल, असं तिचं म्हणणं होतं.

केस दोन बहिणींची. मोठी हार्ली, नऊ वर्षांची. धाकटी टेसा, अडीच वर्षांची. आई नशेच्या गोळ्यांच्या नादाने तुरुंगात, बाप कोण ते आईलाही सांगता येत नव्हतं. पोलिसांना त्या चाकांवरच्या फिरत्या घरात सापडल्या तेव्हा टेसाचा लंगोट कोरडा होता, केस विंचरलेले होते, आणि हार्ली स्टुलावर चढून मक्याची लापशी ढवळत होती. दोघींना गेलीन प्रुइट नावाच्या बाईकडे ठेवलं. गेलीन चांगली बाई. तोंडाने फटकळ, हाताने सढळ.

पहिल्याच भेटीत तिने आम्हाला स्वयंपाकघरात ओढलं. "डेल्फा, या घरात आई कोण आहे, ती की मी? धाकटीला आंघोळ घालायला गेले तर मोठी दारात आडवी उभी. म्हणते, 'तुम्हाला पाणी किती गरम लागतं ते माहीत नाही.' मला! चार पोरं वाढवली मी!"

"जेवते का नीट?" डेल्फाने विचारलं.

"धाकटीचं झाल्याशिवाय घास उचलत नाही. आणि काल उशीच्या खोळीत काय सापडलं बघ." गेलीनने ड्रॉवर उघडून दाखवला. आत रुमालात बांधलेली खारी बिस्किटं होती, निम्मी चुरा झालेली. "विचारलं तर म्हणते, टेसाला सकाळी लागली तर?"

आम्ही सहा महिने जात राहिलो. हार्ली आमच्याशी नीट बोलायची, पण एक डोळा कायम टेसावर. शाळेत तिचं लक्ष नव्हतं. बाई म्हणाल्या, सारखी घड्याळ बघते, घरी टेसाला कुणी झोपवलं असेल का म्हणून. जानेवारीत एका दुपारी ती आणि डेल्फा मागच्या पायरीवर बसल्या होत्या, मी कुंपणाशी उभा होतो. टेसा आत झोपली होती. हार्लीने डेल्फाच्या कोटाच्या बाहीला डोकं टेकवलं आणि म्हणाली, "मी दमलेय, मिस डेल्फा."

"कशाने गं राणी?"

"अशीच."

एवढंच. पण डेल्फाला ते लागलं. परतताना गाडीत म्हणाली, "नऊ वर्षांची पोर आणि कमरेवर हात ठेवून उसासा टाकते. वेंडेल, हिच्यासाठी काहीतरी करायला हवं. मला कळत नाही काय, पण कुणाला तरी कळत असेल."

आणि फेब्रुवारीत नेमका तसाच वर्ग लागला. मेथडिस्ट चर्चच्या तळघरात, गुरुवारी संध्याकाळी सहा ते नऊ. विषय होता धाकट्या भावंडांची लहानपणीच आई झालेली मुलं. शहरातून डॉक्टर ॲबर्नाथी म्हणून बाई आल्या होत्या. उंच, शांत, कागद न बघता बोलणाऱ्या. पहिला दीड तास त्या बोलल्या तो जणू हार्लीच समोर बसवून. मूल घास कसा राखून ठेवतं, झोपेत कान कसा उघडा ठेवतं, त्याचा अभ्यास का होत नाही, मोठेपणी ते कसं कोरडं पडतं. डेल्फाची पेन्सिल थांबत नव्हती. शेवटी बाई म्हणाल्या, "हे मुलाचं काम नाही. हे ओझं त्याच्यावरून उतरायलाच हवं." आणि मग पंधरा मिनिटांचं मध्यंतर झालं.

मध्यंतरात खायला पीकन-पाय होता, अक्रोडासारख्या दाण्यांचा गोड केक. मी दोन तुकडे खाल्ले आणि घड्याळ बघितलं. त्या दिवशी शाळेत बास्केटबॉलची मॅच होती, माझी नात पहिल्यांदा पहिल्या पाचांत खेळणार होती. शिवाय रेडिओ बर्फाळ पाऊस येणार म्हणत होता. ते मला फार सोयीचं झालं.

"चल डेल्फा, निघू. रस्ता गोठेल."

"अजून निम्मं राहिलंय रे."

"अगं, मध्यंतरानंतर काय असतं? उजळणी. पुन्हा तेच, वर शंकासमाधान. रॉइस कुत्र्याचं विचारणार. नेडीन पूर्ण तीन तास लिहिते, मी बोललोय तिच्याशी."

तिने वहीकडे बघितलं. "मला शिकायचंय रे, तासांचं काय."

"कळलं ना सगळं? मग?"

"कळलं खरं," ती म्हणाली. गाडी माझी होती. ती माझ्यामागून जिना चढून आली.

अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणारी माणसं असतात, आमच्या कोर्टात त्यांची वाण नाही. डेल्फा त्यांतली नव्हती. तिला अख्खं हळकुंड हवं होतं. मधोमध मोडलं ते मी.

मार्चमध्ये सुनावणी होती. डेल्फाने चार पानं लिहिली, प्रत्येक भेट, प्रत्येक तारीख. आणि शेवटी शिफारशीत एक वाक्य, जे तिने तीनदा खोडून सुवाच्य केलं होतं: हार्लीला तिच्या बहिणीच्या ओझ्यातून मोकळं करण्यात यावं. मला वाचून दाखवलं. मी म्हणालो, "वा, वकिलासारखं झालंय." खाली दोघांच्या सह्या लागतात. मी केली.

तिच्या मनात काय होतं, ते मला ठाऊक आहे. तिला म्हणायचं होतं, की आंघोळ, लंगोट, रात्रीचं उठणं, हे गेलीनने करावं आणि पोरीने खेळावं. पण ते कसं करायचं हे तिच्या वहीत नव्हतं. काय, ते मध्यंतराआधी सांगून झालं होतं. कसं, ते मध्यंतरानंतर होतं.

केसवर्कर क्रिस्टा होती, चोवीस वर्षांची, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. ती उठून म्हणाली, की दोन तासांवरच्या एका काउंटीत एक चांगलं जोडपं आहे, पाच वर्षांखालचंच मूल घेतात, टेसाला लगेच घ्यायला तयार आहेत. कैवाऱ्यांच्या शिफारशीशीही ते जुळतं. जज्ज होल्टनी आमचं वाक्य मोठ्याने वाचलं. मग पुन्हा वाचलं. "इतकी स्पष्ट शिफारस मी या वर्षात पाहिली नाही," ते म्हणाले. "मिसेस स्टॉलकप, आणखी काही सांगायचंय?"

डेल्फा उभी राहिली. तिने पुढच्या बाकाची कड धरली होती. ती नंतर मला म्हणाली, की तिच्या गळ्यापर्यंत आलं होतं, अहो, मला असं नव्हतं म्हणायचं. पण समोर जज्ज शिकलेले, क्रिस्टा शिकलेली, डॉक्टर बाई तर सगळ्यांहून शिकलेल्या आणि त्यांनीच ओझं उतरवा म्हटलेलं. कदाचित शिकलेल्या लोकांत मोकळं करणं म्हणजे हेच असेल.

"नाही, जज्जसाहेब," ती म्हणाली आणि बसली.

मीही शेजारीच होतो. सही माझीही होती आणि तोंडही होतं. मी मूग गिळून बसलो.

टेसाला न्यायच्या दिवशी आम्ही नव्हतो. गेलीनने सांगितलं ते असं. हार्लीने स्वतः पिशवी भरली. मग क्रिस्टाला समोर बसवून तिने सगळं सांगितलं, क्रिस्टा लिहून घेत होती. कान दुखला तर टेसा रडत नाही, नुसता ओढते, तेव्हा बघा. सफरचंदाचं साल काढा. डाव्या कुशीवर झोपते. कुणी मोठ्याने बोललं तर टेबलाखाली जाते, ओढून काढू नका, शेजारी बसा. मग तिने टेसाला उचलून गाडीतल्या खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, बोट घालून तपासला. गाडी गेल्यावर आत आली आणि भांडी पुसायला लागली. रडली नाही.

आणि त्यानंतर हार्ली फार शहाणी झाली. इतकी, की आम्ही फसलो. पोटभर जेवायची, रात्रभर झोपायची, गणितात वरचा नंबर आला. उशीच्या खोळीत काही सापडेना. जूनच्या अहवालात डेल्फाने लिहिलं, हार्ली आता लहान मुलीसारखी दिसते. मी पुन्हा सही केली. गेलीनला मात्र चैन नव्हतं.

"ही पोर काही मागतच नाही गं," ती डेल्फाला म्हणाली. "काय खाशील? काहीही चालेल. थंडी वाजते? नाही. परवा बूट काढताना बघते तर पायाचं बोट काळंनिळं. मोडलेलं! चार दिवस त्याच पायाने शाळेत गेली. डॉक्टरने विचारलं, दुखतं का? म्हणते, थोडंसं. मला तोंडावर ओरडणारी पोर परवडते, ही नाही परवडत."

डेल्फाने ते वहीत लिहून घेतलं. खाली प्रश्नचिन्ह काढलं.

ऑक्टोबरमध्ये डॉक्टर ॲबर्नाथी पुन्हा आल्या. तोच विषय, तेच तळघर, नव्या स्वयंसेवकांसाठी. आमचे तास भरले होते, पण डेल्फाला हार्लीच्या त्या काळ्यानिळ्या बोटाबद्दल विचारायचं होतं. मध्यंतर झालं तेव्हा तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "बसू की. मला कुठे जायचंय?"

मध्यंतरानंतर बाई फळ्याकडे न जाता टेबलाला टेकून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "आता चुका कुठे होतात ते. सगळ्यात मोठी चूक म्हणजे आपण धाकट्याला उचलून नेतो. आपल्याला वाटतं ओझं गेलं. मुलाला वाटतं, मला जे एकच काम नीट येत होतं ते मी नीट केलं नाही म्हणून काढून घेतलं. त्या मुलाच्या पायाखाली जमीन म्हणून तेवढंच असतं. त्या भावंडांना एकमेकांपासून कधी तोडू नका. मोठ्या माणसाने एकेक काम मागून घ्यायचं, हिसकावून नाही. आज मोजे मी घालू का? पुढच्या महिन्यात आंघोळ. आणि एखादं काम त्याच्याकडे राहू द्यायचं. गोष्ट सांगायचं, पट्टा लावायचं, काहीही. आणि ज्याचं तोडलं गेलंय ते मूल फार शहाणं होतं बरं का. ते शहाणपण बघून खूश होऊ नका."

डेल्फाची पेन्सिल थांबली होती. वर्ग सुटल्यावर खुर्च्या उचलायला ती थांबायची, त्या दिवशी नाही थांबली.

गाडीत चार-पाच मैलांनंतर ती म्हणाली, "वेंडेल, त्या दिवशी मॅच कोण जिंकलं?"

मी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "आठवत नाही," मी म्हणालो.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतं "असू दे" म्हणाली. माझ्या आयुष्यात मला एवढी लाज कधी वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती एक पान लिहून नेडीनकडे गेली. मी बरोबर होतो. नेडीनने वाचलं आणि चष्मा काढला.

"मिस डेल्फा, 'माझी शिफारस चुकीची होती, मी विषय अर्धाच शिकले होते,' असं कोर्टात लिहीत नाहीत. वकील तुमचे धिंडवडे काढतील. लिहा की परिस्थिती बदलली आहे."

"परिस्थिती नाही बदलली. मी चुकले."

"पुढच्या केसमध्ये कुणी तुमचं ऐकणार नाही!"

"ऐकलं म्हणून तर हे झालं ना, नेडीन."

तसंच पान गेलं, खाली दोन सह्यांनी. या वेळी मी आधी केली. वकिलांनी धिंडवडे वगैरे काही काढले नाहीत. जज्ज होल्ट भला माणूस. त्यांनी पान दोनदा वाचलं, पहिल्या वेळेसारखंच. मग म्हणाले, "मिसेस स्टॉलकप, असा कागद लिहायला धाडस लागतं. पण टेसा त्या घरी आठ महिने आहे. त्या बाईला ती आई म्हणते. आईचे हक्क गेल्या महिन्यात संपलेत, ते जोडपं तिला दत्तक घेतंय, मोठीला घ्यायची त्यांची तयारी नाही. आता तिला पुन्हा उपटलं तर तिचं काय होतं, हेही तुम्हाला तुमच्या वर्गात शिकवलं असेल."

"शिकवलंय, जज्जसाहेब," डेल्फा म्हणाली.

महिन्यातून एक भेट मंजूर झाली. चार भेटी झाल्या. तिसऱ्या भेटीला टेसा हार्लीच्या मांडीवरून उतरून त्या बाईकडे गेली. दत्तकाचा कागद झाला आणि भेटी संपल्या. त्या जोडप्यावर कुणाची सक्ती नव्हती, आणि ती वाईट माणसंही नव्हती. हार्ली अठरा वर्षांची होईपर्यंत डेल्फा तिची कैवारी राहिली, आणि मरेपर्यंत तिने एकही वर्ग सोडला नाही. भूकंपात मुलांना कसं वाचवायचं हासुद्धा नाही, आणि आमच्याकडे कधी कुणाची बशीसुद्धा हललेली नाही. प्रत्येक वेळी पहिल्या रांगेत, शेवटचा माणूस दिवे घालवेपर्यंत. चारशे तास झाले ते असे.

पण कोर्टातून आलो त्या आठवड्यात तिच्यापुढे एकच गोष्ट होती. ते हार्लीला सांगायचं. नेडीन म्हणाली, गरज नाही. गेलीन म्हणाली, पोर सावरलीय, कशाला उकरतेस. डेल्फा म्हणाली, "ती सावरलेली नाही. तिने तोंड मिटलंय, आणि ते का मिटलंय ते मला विचारायचंय." तिने वहीतून चार वाक्यं एका कार्डावर उतरवून घेतली होती, मुलाशी कसं बोलावं त्याची.

शनिवारी सकाळी आम्ही गेलीनच्या स्वयंपाकघरात बसलो. गेलीन बाहेर कपडे वाळत घालत होती. हार्ली समोर हात मांडीवर ठेवून बसली. दहा पूर्ण झाले होते तिला. डेल्फाने कार्ड हातात धरलं.

"हार्ली, टेसाला नेलं ते माझ्यामुळे. मी एका कागदावर एक वाक्य लिहिलं. ते चुकीचं होतं. तू काही केलं नाहीस."

हार्ली समजूत घालावी तशी म्हणाली, "नाही, मिस डेल्फा. मी म्हणाले होते ना, दमलेय म्हणून. मागच्या पायरीवर. म्हणून तुम्ही लिहिलंत."

"नाही गं पोरी..."

"मला माहितीये. मी रागावले नाही तुमच्यावर. मी फक्त आता तसं काही म्हणत नाही." आणि वर, "मी दमले नव्हते एवढी. त्या दिवशीच तेवढी होते."

डेल्फा कार्डावरचं दुसरं वाक्य वाचायला गेली. तिला वाचता येईना. कार्ड तिने टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. एकाहत्तर वर्षांची बाई. हॉबर्टला पुरलं तेव्हाही मी तिला असं रडताना बघितलं नव्हतं.

हार्ली उठली. तिने नळ सोडला, खाली बोट धरून पाणी गार होईपर्यंत थांबली, मग ग्लास भरला. कागदी रुमालाची दुहेरी घडी केली. डेल्फाच्या खुर्चीजवळ येऊन तिने एक हात तिच्या पाठीवर ठेवला, जिथे ठेवतात तिथेच, दोन खांद्यांच्या मधे.

"रडू नका," ती म्हणाली. "आधी नाक पुसा. हं. आता थोडं थोडं प्या, एकदम नको."

मी अर्धा उठलो होतो. हे पोरीचं काम नाही, एवढं तर मलाही शिकवलं होतं. डेल्फाने न बघताच हात वर करून मला खाली बसवलं. मग तिने ग्लास दोन्ही हातांत घेतला आणि पोरीने सांगितलं तसं, एकेक घोट करत, सगळं पाणी प्यायली. हार्लीने रिकामा ग्लास तिच्या हातातून काढून घेतला, वाकून तिचा चेहरा नीट बघितला.

"शाब्बास," हार्ली म्हणाली.